मी त्याला घट्ट धरलं होतं

पी.एम.टी.चा शेवटचा पेपर देऊन परीक्षागृहाबाहेर पडलो, त्या दिवशी भौतिकशास्त्राला कायमचा रामराम केला अशी माझी समजूत होती. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. आम्हा इंदूरच्या अनेक मराठी मुलांचे शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी. ‘संवेग’, ‘आवेग’, ‘प्रत्यास्थ टक्कर’ हे शब्द आम्ही स्तोत्रासारखे पाठ केले, उत्तरपत्रिकेत उतरवले आणि मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात शरीररचनाशास्त्राच्या ओझ्याखाली विसरूनही गेलो. पुढची सारी वर्षे गोवर, जुलाब, दमा आणि लसींची वेळापत्रके यांच्या संगतीत गेली.

यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी आग्रह केला, “काहीही लिहा, पण औषधांवर नको.” तेव्हा त्या विसरलेल्या विषयाकडेच वळावे असे ठरवले. त्याला कारणही तसेच आहे. सोडून दिलेल्या या शास्त्राने एका आईचा आणि माझा स्वतःचा बराच काळ अनुत्तरित राहिलेला प्रश्न सोडवला. ती हकिकत सांगण्यासाठी हा लेख.

पुतणीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी माझी पुतणी अकरावीत होती. ‘नीट’ची तयारी चाललेली. एके संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “काका, चेंडू झेलताना हात मागे नेले काय आणि नाही नेले काय, चेंडू शेवटी थांबतोच ना? मग मोमेंटममधला बदल दोन्ही वेळा सारखाच. मग हाताला कमी का लागतं?”

प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर देताना मीच अडखळलो. तिचे पुस्तक मागून घेतले आणि ते प्रकरण पुन्हा वाचून काढले.

वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. नऊ किलोचे बाळ सेकंदाला दोन मीटर वेगाने रांगत निघाले (आमच्याकडे येणारी काही बाळे खरोखरच तशी निघतात!) तर त्याचा संवेग अठरा. तो शून्यावर आणायचा तर कुणीतरी, कशाने तरी, विरुद्ध दिशेने बल लावले पाहिजे. ते बल जितका वेळ लागू होते, त्या वेळाशी त्याचा गुणाकार म्हणजे आवेग. संवेगात जेवढा बदल घडला तेवढाच आवेग. या हिशेबात सूट नाही, उधारी नाही.

मात्र आवेग हा गुणाकार आहे. बल मोठे आणि वेळ थोडा, किंवा बल थोडे आणि वेळ मोठा, दोन्ही मार्गांनी तीच रक्कम फेडता येते. लोणच्याची चिनी मातीची बरणी फळीवरून कोटा फरशीवर पडली तर तिचे तुकडे होतात, गोधडीवर पडली तर बहुधा वाचते. उंची तीच, वेग तोच, संवेग तोच, आणि शेवटी थांबणेही तेच. फरशी ती रक्कम हजारातल्या एकदोन भागांइतक्या सेकंदात एकदम वसूल करते. गोधडी दबत दबत, हप्त्याहप्त्याने घेते. हात मागे नेणारा खेळाडू गोधडीचेच काम करतो.

पुतणीचे समाधान झाले. ती उठून गेली. मी मात्र तसाच बसून राहिलो, कारण मला एक जुनी रात्र आठवली होती.

ती रात्र

ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पावसाळ्यातली रात्र. एक तरुण जोडपे आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन मोटारीने इंदूरला परतत होते. वडील गाडी चालवत होते. शेजारच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर बाळ. आईने पट्टा लावला होता. रस्त्याच्या कडेला दिवे नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. आदळताना गाडीचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असावा. आईवडिलांना खरचटण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. बाळाच्या डोक्याला मार बसला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्या तीन दिवसांत ती आई एकच वाक्य म्हणत होती. “डॉक्टर, मी त्याला घट्ट धरलं होतं हो. कसा सुटला माझ्या हातातून?” मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अशा वेळी आपण जे बोलतो ते बोललो. दैव, प्रारब्ध, धीर धरा. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाला उत्तर असू शकते, हेच माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्या संध्याकाळी पुतणीच्या वहीच्या मागच्या पानावर मी ते उदाहरण मांडले. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर. बाळाचे वजन नऊ किलो. संवेग झाला १२५. गाडीचे नाक चेपत जाऊन ती थांबायला साधारण एक दशांश सेकंद लागला असे धरू. त्या तेवढ्या वेळात बाळाला गाडीबरोबर थांबवायचे, तर लागणारे बल १,२५० न्यूटन. म्हणजे सव्वाशे किलोंहून अधिक वजन हातांवर तोलून धरण्याइतके. आणि तेही अचानक, पूर्वसूचना न मिळता, डोळ्याची पापणी मिटायला लागतो त्याहून कमी वेळात!

ते बाळ आईच्या हातातून सुटणारच होते. पहिलवान असता तरी त्याच्याही हातातून सुटले असते.

टक्कर म्हणजे नेमके काय?

दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा काय घडते, हा प्रश्न सतराव्या शतकातील मोठमोठ्या विद्वानांनाही छळत होता. देकार्तने ‘गतीचे परिमाण’ ही कल्पना मांडली, पण दिशेचा विचार वगळल्यामुळे त्याचे टकरीचे बहुतेक नियम चुकले. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विचारार्थ ठेवला आणि १६६८-६९ च्या सुमारास जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन व ख्रिस्तियान हॉयगेन्स या तिघांनी त्याची उत्तरे पाठवली. यांपैकी रेन म्हणजे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारा वास्तुविशारद. आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक माहिती : याच रेनने १६५६ मध्ये कुत्र्याच्या शिरेत द्रव्ये टोचून पाहण्याचे प्रयोग केले होते. म्हणजे आपली रोजची सलाईन आणि टकरीचे नियम यांचा एक पूर्वज समान आहे! १६८७ मध्ये न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ने या साऱ्याला पक्का पाया दिला.

निष्कर्ष असा की, बाहेरून बल लागले नाही तर टकरीपूर्वीचा एकूण संवेग टकरीनंतरही तेवढाच राहतो. तो फक्त वाटला जातो. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर नेमका आदळला की स्वतः मंदावतो आणि सोंगटी सुसाट निघते. ही बहुतांशी स्थितिस्थापक टक्कर. याउलट ओल्या मातीचा गोळा भिंतीवर मारला तर तो चिकटून बसतो. गतीची ऊर्जा आकार बिघडवण्यात खर्च होते. रस्त्यावरच्या टकरी या दुसऱ्या जातीच्या. त्यांत बिघडणारा आकार कधी पत्र्याचा असतो, कधी माणसाचा.

आता एक रोजचे दृश्य घ्या. स्कूटर, तिच्यावर वडील आणि पुढे उभे मूल, सगळे मिळून दोनशे किलो. समोरून दहा हजार किलोचा ट्रक. दोघांचाही वेग ताशी चाळीस. टक्कर होऊन दोन्ही एकत्र अडकले असे धरा. हिशेब मांडला तर ट्रकचा वेग चाळीसवरून जेमतेम साडेअडतीसपर्यंत उतरतो. स्कूटरचा वेग मात्र पुढच्या दिशेने चाळीस होता तो उलट्या दिशेने साडेअडतीस होतो. म्हणजे तिच्या वेगात जवळजवळ ताशी ७८ किलोमीटरचा बदल होतो. दोघांवरचे बल अगदी समान, तरी ट्रकचालकाला केवळ एक धक्का जाणवतो आणि स्कूटरवरचे कुटुंब उद्ध्वस्त होते. ‘चूक कुणाची?’ हा प्रश्न पोलिसांचा. निसर्ग फक्त वस्तुमान आणि वेग पाहतो.

पुढे उभ्या केलेल्या मुलाची स्थिती तर अधिकच वाईट. त्याच्यासमोर हँडल आणि पाठीमागे सत्तर किलोचे वडील. चाळीसच्या वेगाला त्या वडिलांचा संवेग पावणेआठशेच्या घरात जातो आणि गाडी थांबताच तो मुलाच्या पाठीवर येऊन पडतो. ज्याच्या मायेने मुलाला पुढे घेतले, त्याचेच शरीर मुलाला चिरडते. गाडीच्या पुढच्या आसनावर पट्टा न लावलेली आई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांचे हेच होते. एकच पट्टा दोघांभोवती मिळून लावला तरी निष्पत्ती निराळी नसते.

डॉक्टरांनी दाखवलेली वाट

शल्यचिकित्सक मित्र सांगतात की प्रत्येक अपघातात तीन टकरी असतात. पहिली गाडीची, दुसरी शरीराची गाडीच्या आतल्या भागाशी आणि तिसरी शरीराच्या आत, जेव्हा कवटी थांबते पण मेंदू थांबत नाही. बालरोगतज्ज्ञाला या तिसऱ्या टकरीची भीती अधिक वाटते. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते, प्रौढाचे जेमतेम आठवा. एवढे जड डोके तोलणारे मानेचे स्नायू आणि बंध अजून कोवळे असतात. म्हणूनच लहान बाळाचे आसन गाडीत पाठीमागे तोंड करून बसवतात. टकरीच्या वेळी डोके, मान आणि पाठ एकत्रितपणे आसनात दबतात आणि बल एका ठिकाणी न एकवटता सबंध पाठीवर पसरते. असे आसन चालू एअरबॅगसमोर मात्र कधीही ठेवू नये. मोठ्या माणसाला वाचवणारी ती पिशवी बाळाच्या डोक्यामागेच फुटते.

या विषयात आपल्याच व्यवसायातील मंडळींनी मोठे काम केले आहे. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

हेल्मेट करते ते गोधडीचे काम. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले आणि अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्यावरचे सरासरी बल डोक्याच्या वजनाच्या तीनशे पट होते. आतला फेसाचा थर अडीच सेंटिमीटर दबला तर तेच साठ पटींवर येते. हे दोन सेंटिमीटर म्हणजेच हेल्मेट. बाहेरचे चकचकीत कवच नव्हे. तो थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा आघात झालेले हेल्मेट टाकूनच द्यावे. आरशाला टांगलेले हेल्मेट फक्त आरशाचेच रक्षण करते, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतले. ताशी १,०१७ किलोमीटर वेगाने जाणारी ती गाडी १.४ सेकंदांत थांबली. एका क्षणी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाच्या ४६ पट बल आले. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले आणि १९९९ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर सिद्ध केले. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा त्रिबिंदू पट्टा मोटारीत आणला. त्याच वर्षी मर्सिडीजने मुद्दाम चेपणारे नाक असलेली मोटार बाजारात आणली. ही कल्पना बेला बारेन्यी यांची. गाडी चेपली म्हणजे ती कमकुवत, हा आपला समज चुकीचा आहे. ती चेपते म्हणूनच आपल्याला थांबायला वेळ मिळतो.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९७७ मध्ये तेथे मुलांना मोटारीत सुरक्षित आसनात बसवण्याचा कायदा झाला. अमेरिकेतील असा तो पहिला कायदा. पण त्यात एक पळवाट घुसली होती. मोठ्या माणसाने मूल मांडीवर धरले तरी चालेल! सँडर्स आणि त्यांचे सहकारी तिच्याविरुद्ध झगडत राहिले आणि १९८१ मध्ये ती रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे आले.

आपल्याकडेही कायदा मागे नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा मुलांच्या आसनाने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी चाळीसच्या पुढे नको, असा नियम आहे. या चाळीसचा अर्थ ध्यानात घ्यावा. तेवढा वेग सहा मीटरांहून अधिक उंचीवरून पडल्यावर येतो, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून. पन्नासचा वेग म्हणजे सुमारे दहा मीटर, तिसरा मजला. कठडा नसलेल्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत आपण मुलाला क्षणभरही उभे करणार नाही. रस्त्यावर मात्र तेच रोज करतो, कारण तिथे उंची दिसत नाही.

उत्तर आणि त्यामागचा प्रश्न

त्या आईला नंतर मुलगी झाली. ती माझ्याकडेच येते. दहाव्या वर्षीच्या धनुर्वाताच्या लसीसाठी दोघी आल्या होत्या. मुलगी बाहेर मासिक वाचत बसली होती. मी जरा बिचकतच विषय काढला आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर तो हिशेब मांडून दाखवला. नऊ किलो, चौदा मीटर, एक दशांश सेकंद, सव्वाशे किलो.

ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझे हात कमी पडले म्हणून नाही?”

“नाही ताई. कुणाचेही कमीच पडले असते.”

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दाराशी जाऊन थांबली आणि अगदी शांतपणे विचारले, “मग डॉक्टर, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही? दर महिन्याला येत होतो की तुमच्याकडे.”

त्या बाळाच्या कार्डावर प्रत्येक लशीसमोर माझी सही होती. बी.सी.जी., ट्रिपल, पोलिओ, गोवर, सारे वेळच्या वेळी. वरण-भात केव्हा सुरू करावा तेही मी सांगितले होते. बाळाला गाडीतून कसे न्यावे, याबद्दल एक अवाक्षरही नाही. सांगणार तरी कसा? माझी स्वतःची कन्या चार दिवसांची असताना मी तिला पत्नीच्या मांडीवर, पुढच्याच आसनावर, मोठ्या कौतुकाने घरी आणले होते. आम्ही सुखरूप पोहोचलो, कारण त्या दिवशी रस्त्यात ट्रॉली उभी नव्हती.

तेव्हापासून मी एक नेम पाळतो. दीड महिन्याच्या लसीला बाळ आले की आईवडिलांना विचारतो, “कशाने आलात? बाळ कुठे बसले होते?” मग दोन मिनिटांत ते सव्वाशे किलोंचे गणित सांगतो. मुलांचे आसन महाग पडते, ही अडचण खरी आहे. पण बारशाला सोन्याची साखळी किंवा चांदीचा वाळा देणाऱ्या आजोबांना मी सुचवतो की यंदा आसन द्या. काही आजोबांनी ऐकलेही आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना सांगतो की मुलाला पुढे उभे करू नका, त्याच्या मापाचे हेल्मेट घ्या, हनुवटीचा पट्टा आवळा आणि गाडी हळू चालवा.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे की लसीच्या कार्डावर एक ओळ याचीही वाढवावी. प्रसूतितज्ज्ञांनी घरी सोडतानाच्या सूचनांत ती घालावी. वाचकहो, आपणही नातवंडांना घेऊन सराफ्यात जाल, लग्नाला उज्जैन-देवासला जाल, तेव्हा हा हिशेब आठवावा. गाडी थांबताना संवेगाची पूर्ण रक्कम फेडावीच लागते. ती हप्त्याहप्त्याने फेडण्याची सोय मात्र घरून निघण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.